परवा म्हणजे कधी

हैदराबादेत 'परवा' म्हणजे नेमकं कधी, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. त्याला निदान चार वर्षं गावात ठेवून घ्यावं लागतं. पुस्तकातल्या मराठीत परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस, नाहीतर उद्याच्या पुढचा. पण इथली मराठी पिढ्यान्‌पिढ्या दखनी उर्दूच्या शेजाराला राहिलेली. दखनीतलं 'परसों' म्हणजे मागे केव्हातरी. ते गेल्या आठवड्यातलं असेल, गेल्या दिवाळीतलं असेल, दहा वर्षांमागचंही असेल. पुढचं परसों तर त्याहून ऐसपैस. हा ऐसपैसपणा आमच्या परव्यात कधी शिरला ते कुणाला कळलं नाही, आणि कळलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती. त्रिवेणीबाई औरादकरांचं सगळं आयुष्य अशा परव्यात गेलं होतं. सन दोन हजारच्या फेब्रुवारीत त्याच एका शब्दापायी माधापूरच्या एका इमारतीची चार टन सळई चुकीची वाकली.

बाई तेव्हा चोपन्न वर्षांच्या होत्या. हिमायतनगरातल्या एका सल्लागार इंजिनिअरांच्या कचेरीत एकोणतीस वर्षं ड्राफ्ट्समन. ड्राफ्ट्सवुमन असा शब्द कुणी तिथे वापरला नाही आणि बाईंनी मागितलाही नाही. इमारतीच्या कुठल्या तुळईत किती जाडीची सळई, कुठे वाकवायची, कुठे कापायची, हे सांगणारी शीटं त्या काढत. कचेरीत कॉम्प्युटर आले तरी बाईंचा बोर्ड खिडकीशी तसाच राहिला, कारण बाईंचा हात स्वच्छ होता आणि मालकांना ते ठाऊक होतं.

जामबागच्या मराठी शाळेतून थेट ड्रॉइंगच्या कोर्सला गेलेल्या या मुलीला काम शिकवलं ते भगवंतरावांनी. ते कचेरीतले जुने हेड ड्राफ्ट्समन. त्यांचं एकच सांगणं होतं, की साइटवरचा माणूस शीट मागायला आला की ते तयार असलं पाहिजे, तो हात हलवत परत गेला तर लाज आपली. बाईंनी ते इतकं मनावर घेतलं, की पुढे पुढे माणूस मागायला येण्याच्या महिना महिना आधी शीट तयार असे. तारखेचा रकाना तेवढा त्या कोरा ठेवत, शीट बाहेर पडेल त्या दिवशी भरायला. कपाटात अशी बिनतारखेची शीटं गुंडाळून उभी असत, आणि बाईंना त्यांच्याकडे बघून बरं वाटे.

ही शीटं त्या रविवारी काढत. मालकांनी एक चावी त्यांना देऊन ठेवली होती. रविवारी सकाळी चिक्कडपल्लीतल्या आपल्या दोन खोल्यांना कुलूप लावायचं, नारायणगुड्यावरून चालत हिमायतनगरला यायचं, कचेरीचं कुलूप काढायचं, आपल्यापुरता एक पंखा लावायचा. आई होती तोवर दोन तासांत परत जायच्या. आई गेल्यावर दिवस मावळेपर्यंत थांबू लागल्या. लोक म्हणत, काय निष्ठा आहे! निष्ठा होतीच, नाही कोण म्हणतं? पण खरं सांगायचं तर रविवारी त्यांना घरी बसवत नव्हतं. वडिलांचं आजारपण, मग धाकट्या प्रकाशचं शिक्षण, मग आई, यात लग्न राहून गेलं होतं. प्रकाश बायको भारती आणि मुलांसह बंगळूरला राही. तो महिन्यातून एकदा फोन करी आणि म्हणे, "परवा येतो ताई." बाई त्याच्यासाठी ठेवलेली गादी गच्चीवर उन्हात टाकत. भांड्याला येणारी गंगू विचारी, "पावणे येनार काय बाई?" बाई म्हणत, "हौ, परवा येतोय प्रकाश." असं आठ वर्षं चाललं होतं. बाहेरच्याला यात फसवणूक दिसेल, पण दोघांतलं कुणीही खोटं बोलत नव्हतं.

त्या काळात देशाची दारं उघडली होती आणि माधापूरच्या खडकांतून काचेच्या इमारती वर येत होत्या. आमच्या या कचेरीलाही अमेरिकेतल्या एका ग्राहकाची आठमजली इमारत मिळाली. ग्राहकाची अट अशी, की बांधकामाबरोबर नकाशांचं कामही शिस्तीत लागलं पाहिजे. मालकांनी पुण्याहून सुमित नावाचा इंजिनिअर आणला. वय चौतीस, अंगाने किडकिडीत, घड्याळ डाव्या मनगटावर आतल्या बाजूला. त्याने आठ वर्षं मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात काढली होती आणि तिथली जपानी पद्धत तो नकाशांना लावायला निघाला होता.

तीन जानेवारीला तो रुजू झाला. पहिल्या दिवशी एकेकाच्या टेबलापाशी जाऊन त्याने चौकशी केली. त्रिवेणीबाईंना विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"कुणी नाही. मी आणि आई होतो. आई परवा गेली."

सुमितचा चेहरा उतरला. तो खुर्ची ओढून जवळ बसला. "अहो, मग तुम्ही कामावर कशाला आलात? दहा दिवस तरी घरी थांबा. मी बोलतो मालकांशी."

आई जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. बाईंना लगेच कळलं, की हा पुण्याचा परवा आहे. एक वाक्य बोलून चूक सुधारता आली असती. पण आईबद्दल कुणी खुर्ची ओढून विचारलं त्यालाही बरेच दिवस झाले होते. बाई म्हणाल्या, "नको. इथे बरं वाटतं." आणि मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसल्या. त्या खोट्याची त्यांना लाज वाटली आणि ते गोडही वाटलं.

सुमितने एक अख्खी भिंत मोकळी करून घेतली आणि तिच्यावर आठवड्यांचे उभे पट्टे आखले. पिवळ्या चिठ्ठ्या आणल्या. कुणालाही काही हवं असेल तर त्याने चिठ्ठीवर लिहायचं: काय हवं, कुठल्या तारखेला हवं, मागणार कोण. ज्याच्याकडून हवं त्याने खाली 'देणार' म्हणून सही करायची, की देणं लागलं. चिठ्ठी नाही तर काम नाही.

"जे कुणी मागितलं नाही ते काढायचं नाही," तो म्हणाला. "मागणी यायच्या आधी काढलेलं चित्र हे काम नाही, तो पसारा आहे. मागून काहीतरी बदलतं आणि ते पुन्हा काढावं लागतं. दुसरं म्हणजे, जमणार नसेल तर नाही म्हणा. मला 'नाही' चालतं. 'हो' म्हणून न देणारा माणूस चालत नाही."

आता हैदराबादेत तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे काय, हे या गृहस्थाला कुणी सांगावं? इथे 'हौ' ही आधी अदब आहे, कबुली नंतर. पहिल्या आठवड्यात भिंतीवर तीस सह्या झाल्या आणि शनिवारी मोजलं तर अकरा कामं पुरी. चिठ्ठ्या सांभाळणारी रश्मी, विद्यानगरची मराठी मुलगी, हिशेब फळ्यावर लिहिताना हसू दाबत होती. सुमितला अजिबात हसू आलं नाही.

त्रिवेणीबाई चिठ्ठ्यांप्रमाणे काम करत आणि रविवारी येऊन आपलं आधीचंही करत. दोन्ही केलं तर कुणाचं काय बिघडतं, असा त्यांचा सरळ विचार होता.

बिघडलं ते असं. एकवीस फेब्रुवारीला, सोमवारी, थंड हवेचे पत्र्याचे डक्ट बसवणाऱ्यांनी तिसऱ्या मजल्यावरचा आपला मार्ग बदलला. आता डक्ट तीन तुळयांच्या पोटातून जाणार होते, म्हणजे तिथली सळई वेगळी हवी. बुधवारी साइटवरून हणमंतराव आले. भालकीकडच्या शेतकरी घरातले, तीस वर्षं बांधकामावर मुकादमी केलेले. "तिसऱ्याचं शीट देता का बाई? पोरं बसून हायेत."

बाईंनी कपाटातून गुंडाळी काढली. सुमित तिथेच उभा होता. त्याने विचारलं, "हे कधी काढलंत?"

"परवाच काढून ठेवलंय."

बुधवारचा परवा म्हणजे सोमवार. सुमितने मनात जुळवलं, की सोमवारी बदल आला आणि सोमवारीच बाईंनी शीट काढलं, फारच तत्पर बाई. त्याने सही केली. बाईंनी कोऱ्या रकान्यात त्या दिवसाची तारीख घातली आणि हणमंतराव शीट घेऊन गेले. डक्टच्या बदलाचा कागद रश्मीच्या टेबलावर होता. बाईंपर्यंत तो पोचलाच नव्हता.

दोन मार्चला साइटवर डक्ट आणि सळई जुळेना, तेव्हा सगळं उघडकीला आलं. सुमितने सगळ्यांना भिंतीपाशी उभं केलं. चूक झाली की 'का' विचारायचं, उत्तर आलं की त्यालाही 'का' विचारायचं, तळ लागेपर्यंत, अशी त्याची रीत होती. त्यात कुणाला धारेवर धरायचा हेतू नव्हता.

"सळई चुकीची का वाकली?"

"शीट तसंच होतं साहेब," हणमंतराव म्हणाले.

"शीट तसं का होतं?"

"डक्ट बदलण्याच्या आधीचं होतं," रश्मी म्हणाली.

"पण मी विचारलं होतं. बाई, तुम्ही म्हणालात परवा काढलं."

"हौ, परवाच."

"परवा म्हणजे कधी?"

बाईंनी आठवून सांगितलं, "नऊ जानेवारी."

भिंतीपाशी कुणालाच यात वावगं वाटलं नाही. हणमंतराव तर मान डोलावत होते, की बरोबर आहे, परवाच की. सुमितने एकेकाचा चेहरा पाहिला. मग त्याने पुढचं विचारलं.

"नऊ जानेवारीला ते शीट कुणी मागितलं होतं?"

"कुणी नाही."

"मग का काढलंत?"

बाईंनी बोटांवरचा शाईचा डाग अंगठ्याने पुसला. भगवंतरावांचं नाव सांगता आलं असतं, साइटचं नाव सांगता आलं असतं. पण हा माणूस खरं विचारत होता, आणि एक खोटं आधीच त्यांच्या नावावर होतं.

"रविवार होता," त्या म्हणाल्या.

दोघंतिघं हसले. सुमित हसला नाही. त्याने सगळ्यांना जायला सांगितलं आणि बाईंना थांबवून हळूच विचारलं, "आणि आई?"

"पाच वर्षं झाली डिसेंबरात."

तो रागावेल असं बाईंना वाटलं होतं. तो नुसता म्हणाला, "बरं." त्या 'बरं'ने त्यांना तोंडात मारल्यासारखं झालं. त्या दिवसापासून भिंतीवर 'परवा' हा शब्द बंद झाला, फक्त तारीख. हणमंतराव साइटवर सांगत फिरले, की पुण्याच्या साहेबाने परसों बंद केलाय, आता जपून बोला.

पुढच्या आठवड्यात सुमितने बाईंचं कपाट मोजलं. मागच्या दोन वर्षांत आधी काढून ठेवलेली शीटं दोनशे बारा. त्यातली एकशे एकतीस पुन्हा काढावी लागली होती किंवा कुणी कधी नेलीच नव्हती. तो आकडा त्याने फळ्यावर लिहिला नाही. बाईंच्या टेबलाशी येऊन कागद समोर ठेवला.

"बाई, तुमच्या हाताबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण रविवारची ती चावी परत करा. तुमच्याकडे चावी असेल तर तुम्ही येणार, आणि आलात तर काढणार."

एकशे एकतीस शीटं. म्हणजे दोन वर्षांतले निम्म्याहून जास्त रविवार. चावी गेली तर बाकीचेही गेले. "हौ," त्या म्हणाल्या. "परवा देते."

सुमितने भिंतीकडे बोट दाखवलं.

"वीस मार्च," बाई म्हणाल्या. "सोमवारी."

बारा मार्चच्या रविवारी त्या कचेरीत गेल्या नाहीत. पुढे जाता येणार नाही तर आतापासून सवय करावी, असं त्यांनी ठरवलं. नऊ वाजता सगळं आवरून झालं. दहाला पुन्हा एकदा केर काढला. अकराला गादी गच्चीवर नेऊन टाकली आणि तिच्याकडे बघता बघता त्या एकदम थबकल्या. गादी कुणी मागितली होती? कपाटात जेवणाची चार ताटं जास्तीची, लिंबाच्या लोणच्याच्या दोन बरण्या, प्रकाशच्या मुलांसाठी घेतलेली आणि आता त्यांना लहान होतील अशी दोन पांघरुणं. सगळं आधी करून ठेवलेलं. घरही त्यांनी कचेरीतल्या कपाटासारखंच भरून ठेवलं होतं.

त्यांनी खाली येऊन बंगळूरला फोन लावला. प्रकाशने नेहमीसारखी चौकशी केली आणि नेहमीसारखं म्हणाला, "येतो गं ताई परवा."

"परवा म्हणजे कुठली तारीख, प्रकाश?"

"म्हणजे?"

"तारीख सांग. कुठलीही सांग, दिवाळीनंतरची सांग. जमणार नसेल तर नाही म्हण. मला 'नाही' चालतं."

तिकडे मागे टीव्ही चालू होता तो कुणीतरी बंद केला. मग प्रकाश म्हणाला, "नाही जमणार ताई. या वर्षी तर नाहीच. पुढच्याही वर्षीचं खरं सांगता येत नाही. भारतीला तिकडे करमत नाही, मुलांना तिथे कुणी ओळखीचं नाही. मी सांगणार होतो, पण कसं सांगायचं..."

"बरं," बाई म्हणाल्या. "तू नीट राहा."

फोन ठेवून त्या रडल्या, चांगल्या मोठ्याने. शेजारी ऐकू गेलं तर गेलं. आठ वर्षं ज्याची वाट पाहिली ते येणार नव्हतं, याचं दुःख होतंच. पण आठ वर्षांत भावाने पहिल्यांदा त्यांना काही खरं दिलं होतं, हेही त्यांना रडता रडता कळत होतं. दुपारी त्यांनी ती गादी गच्चीवरून आणली, आपल्या खाटेवरची जुनी चपटी गादी काढली आणि ही घातली. ती ऊबदार होती. दुपारचं कधीही न झोपणाऱ्या बाई पाच वाजेपर्यंत झोपल्या.

सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि भिंतीवर डकवली. एकोणतीस वर्षं त्यांनी लोकांची मागणी पुरवली होती. स्वतः काही मागायची ही पहिलीच वेळ.

रश्मीने ती पाहिली. कॉन्व्हेंटात शिकलेल्या या पोरीला मराठी बोलता येई, वाचताना मात्र अक्षर अक्षर लावावं लागे. ती मोठ्याने वाचू लागली आणि सगळी कचेरी ऐकू लागली. "का-य ह-वं. जे-वा-य-ला सो... सो-ब-त. ता-री-ख ए-को-णी-स मा-र्च, दु-पा-री बा-रा. मा-ग-णा-र, त्रि-वे-णी." शेवटच्या अक्षरापर्यंत आल्यावर तिला एकूण अर्थ लागला आणि ती आपल्या टेबलाशी जाऊन बसली. बाई बोर्डावर वाकून रेघ ओढत होत्या. रेघ सरळ येत होती, कान तेवढे लाल झाले होते.

तीन दिवस 'देणार' कोरं राहिलं. सही करून न जाणं ही मोठी नामुष्की आहे, हे आता सगळे शिकले होते. गुरुवारी सुमित बाईंच्या टेबलाशी आला. हातात ती चिठ्ठी होती.

"एकोणीसला नाही जमणार," तो म्हणाला. "पुण्याला जातोय. आईला डॉक्टरकडे न्यायचंय."

"हौ. असू द्या," बाई म्हणाल्या आणि पेन्सिल शोधू लागल्या. ती हातातच होती.

"थांबा. तारीख बदलली तर चालेल का, ते विचारतोय." त्याने चिठ्ठीवरचा एकोणीस खोडला, सव्वीस लिहिला, खाली सही केली आणि सहीखाली 'बारा वाजता' असंही लिहिलं. "इथे मीही रविवारी खोलीवर एकटाच असतो. वरण-भात चालेल. जास्त काही करून ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी बाई चावी घेऊन त्याच्याकडे गेल्या. त्याने ती घेतली नाही. "वीसची बोली आहे. आज कुणी मागितली?" बाईंना हसू आलं. चावी पर्समध्ये घालून त्या घरी आल्या.

म्हणून एकोणीसच्या रविवारी चावी त्यांच्याजवळच होती. सकाळी दोनदा त्यांनी ती हातात घेतली. नारायणगुड्यापर्यंतचा रस्ता, पंखा, कोरं शीट, सगळं हाकेच्या अंतरावर होतं. तो रविवार त्यांना फार लांब गेला, उगाच कशाला खोटं सांगा? पण त्या गेल्या नाहीत. अकराच्या सुमाराला गादी उन्हात टाकायला वर गेल्या, तेव्हा गंगू गच्चीवर पिळे वाळत घालत होती.

"पावणे येनार काय बाई?"

"ही गादी माझी आहे आता, गंगू."

"मंग पावणे न्हाईत?"

"आहेत की. सव्वीसला. रविवारी, दुपारी बाराला."

गंगूने हातातला पिळा खाली ठेवला. या बाईंच्या तोंडून तारीख तिने आजवर ऐकली नव्हती. तिने बोटांवर मोजलं. "म्हंजे अजून सात दिस."

"हौ," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "सातच."